त्वचेचे पहारेकरी : सहिष्णुता, कुष्ठरोग आणि कर्करोग

वार्षिक अहवालात रुग्णसेवेचा आढावा, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर ओळख वाचकांस करून द्यावी, असा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. या वेळच्या अभ्यासलेखासाठी आम्ही त्वचा हा विषय घेतला आहे. त्यामागे एक साधे कारण आहे. जवळा बाजार व औंढा नागनाथ तालुक्यातील आसपासच्या गावांतून येणारे बहुतेक रुग्ण ताप, खोकला, गुडघेदुखी यांसाठी बाह्यरुग्ण विभागात येतात. तपासताना कमरेवरचा काळवंडलेला पट्टा, तळपायाची न भरलेली जखम किंवा पाठीवरचा फिकट चट्टा आमच्या दृष्टीस पडतो. हे कधीपासून आहे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "ते व्हय? लई दिसाचं हाय ते. दुखत नाही."

'दुखत नाही' या दोन शब्दांत पुष्कळ आजार वर्षानुवर्षे लपून राहतात. शरीर एखादी गोष्ट निमूटपणे का सोसते, कोणती सोसणे हितकर आणि कोणती घातक, या प्रश्नांचा शोध गेली कित्येक दशके शास्त्रज्ञ घेत आहेत. या शोधात आपल्या महाराष्ट्रातील संशोधकांचा वाटाही मोलाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याची ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

त्वचेतील पहारा

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा आणि खालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. बाह्यत्वचेतील बहुसंख्य पेशी केराटिन नावाचे टणक प्रथिन तयार करतात. त्यांच्या अधूनमधून रंगद्रव्य बनविणाऱ्या रंगपेशी असतात. यांखेरीज शंभरांत तीन-चार पेशी निराळ्याच असतात. झाडाच्या फांद्यांप्रमाणे त्यांना चहूकडे हात फुटलेले असतात आणि ते हात शेजारच्या पेशींच्या फटींतून पसरून सगळ्या त्वचेत जणू जाळे विणतात.

या पेशी प्रथम पाहिल्या त्या बर्लिन येथील पॉल लँगरहान्स या २१ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने. १८६८ साली त्याने त्वचेच्या पातळ कापांवर सुवर्ण क्लोराइडचा रंग चढविला आणि सूक्ष्मदर्शकाखाली या फांदीदार पेशी त्याला दिसल्या. त्या मज्जासंस्थेचा भाग असाव्यात, असा त्याचा समज झाला. तो समज दूर होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेतील राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेतील फांदीदार पेशींचे वर्णन केले. पुढे लँगरहान्स पेशी याच कुळातील असून त्या रोगप्रतिकाराचे काम करतात, हे स्पष्ट झाले. या संशोधनासाठी स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. परंतु त्यापूर्वी तीनच दिवस स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

लँगरहान्स पेशीचे काम गावाच्या वेशीवरील जागल्यासारखे आहे. जंतू, रसायन किंवा परकी प्रथिने त्वचेत शिरली की ती त्यांचा तुकडा उचलते, लसिकावाहिन्यांतून प्रवास करीत जवळच्या लसिकाग्रंथीत पोचते आणि तेथे जमलेल्या टी-पेशींना तो तुकडा दाखविते. पायात काटा मोडून पिकला की जांघेत दुखरी गाठ येते. आपल्याकडे तिला 'अवधाण' म्हणतात. हे अवधाण म्हणजे पायाच्या त्वचेतून आलेल्या वर्दीवर त्या ग्रंथीत सुरू झालेली धावपळच होय. तेथून निघालेल्या टी-पेशी त्वचेकडे परततात आणि काम उरकल्यावरही त्यांतील काही तेथेच वस्ती करून राहतात. रक्तात फिरणाऱ्या टी-पेशींपेक्षा जवळजवळ दुप्पट टी-पेशी एकट्या त्वचेत असतात, असा अंदाज आहे.

सोसण्याचे शास्त्र

पहारेकऱ्याने प्रत्येक वाटसरूवर काठी उगारली, तर गावाचा व्यवहारच थांबेल. त्वचेवर असंख्य निरुपद्रवी जीवाणू कायम नांदतात. धूळ, घाम, साबण, कपड्यांचे रंग यांच्याशी तिचा रोजचा संबंध येतो. या सर्वांशी न भांडण्याच्या आणि स्वतःच्या पेशींवर न उलटण्याच्या गुणाला शास्त्रात सहिष्णुता म्हणतात.

ही सहिष्णुता राखणाऱ्या पेशींना 'नियामक टी-पेशी' असे नाव आहे. इतर टी-पेशींना आवरणे हे त्यांचे काम. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांचे अस्तित्व दाखवून दिले. अमेरिकेतील मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्याशी निगडित असलेल्या जनुकाचा शोध लावला. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मानवी त्वचेवरील २०१२ सालच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. शांततेच्या काळात लँगरहान्स पेशी त्वचेतील नियामक टी-पेशींनाच जागे ठेवतात. जंतूंचा हल्ला झाला, तर त्याच पेशी लढाऊ टी-पेशींना उठवितात. म्हणजे सोसावे की झुंजावे, हा निर्णय पुष्कळ अंशी या पहारेकऱ्यांच्या हाती असतो. हा निर्णय दोन्ही बाजूंनी चुकू शकतो आणि दोन्ही प्रकारच्या चुका आपल्या परिसरातील त्वचेवर पाहावयास मिळतात.

अकारण वैर : गाजरगवत आणि कोड

पहिली चूक म्हणजे जे सोसायला हवे ते न सोसणे. तिचे घरचे उदाहरण म्हणजे गाजरगवत. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५० च्या दशकात पुण्यात आढळले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर व त्यांच्या विदेशी सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य धुळीबरोबर चेहरा, पापण्या, मान व कोपराच्या लवणीवर बसते, त्वचेतील प्रथिनांना चिकटते आणि त्यांचे रूप पालटते. पहारेकरी पेशी हे पालटलेले रूप परके समजून ग्रंथीत वर्दी देतात. एकदा टी-पेशींची ओळख पटली की पुढे केवळ वाऱ्याने उडालेला गवताचा कणही आग आणि खाज सुरू करण्यास पुरेसा होतो. बांधावरचे गवत वर्षानुवर्षे हाताने उपटणाऱ्या शेतकऱ्याला एखाद्या वर्षी अचानक त्रास सुरू होतो, तो यामुळेच. अशा रुग्णाने गवताला हात लावू नये, शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, घरी आल्यावर तोंड-हात धुवावेत आणि औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे.

दुसरे उदाहरण कोडाचे. यात टी-पेशी स्वतःच्याच रंगपेशींवर उलटतात आणि त्या नष्ट करतात. म्हणून त्वचेवर पांढरे डाग उमटतात. कोड स्पर्शाने पसरत नाही, त्या डागावरची संवेदना जात नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही कोडामुळे मुलींची लग्ने अडतात, ही आपल्या समाजाची उणीव आहे. पेशींच्या असहिष्णुतेवर आज उपचार आहेत. माणसांच्या असहिष्णुतेवर उपचार करणे मात्र आपल्याच हाती आहे.

घातक मौन : कुष्ठरोग

दुसरी चूक याच्या उलट आहे. जे सोसता कामा नये, ते शरीर सोसत राहते. कुष्ठरोग हे त्याचे ठळक उदाहरण होय. नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. हा जंतू एकच असला, तरी रोगाची रूपे अनेक आहेत. ज्याची प्रतिकारशक्ती जंतूशी जोराने झुंजते, त्याला एखाददुसरा बधिर चट्टा उमटतो आणि त्यात जंतू क्वचितच सापडतात. हे रोगाचे ट्यूबरक्युलॉइड टोक. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस प्रकारचा रुग्ण असतो. त्याच्या त्वचेत जंतूंची अमाप वाढ होते आणि शरीर जणू काही घडतच नाही, अशा रीतीने स्वस्थ राहते. नवल असे, की हाच रुग्ण इतर जंतूंशी नीट लढू शकतो. त्याचे मौन केवळ या एका जंतूपुरते असते. दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली असता लेप्रोमॅटस त्वचेत लँगरहान्स पेशी कमी आढळल्या. तेथे नियामक टी-पेशींचे प्राबल्य असल्याचेही काही अभ्यासांत दिसले आहे. जंतू चेतातंतूंत शिरून त्यांचा नाश करतात, म्हणून चट्टा दुखत नाही, खाजत नाही. जे दुखत नाही, ते कोणी दाखवीत नाही.

या मौनावर महाराष्ट्रात झालेल्या कामाची कथा सांगण्याजोगी आहे. मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. पुढे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली, तेव्हा त्याचे पहिले संचालकपदही त्यांच्याकडेच आले. कर्करोगावर काम करणाऱ्या या संस्थेत खानोलकरांनी कुष्ठरोगाचाही अभ्यास चालविला. वरवर पाहता दोन्हींचा संबंध नाही. तथापि दोन्हींत एकच कोडे आहे : शरीराच्या आत काहीतरी विपरीत वाढत असताना शरीर त्याला वाढू का देते?

त्या केंद्रात डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या कन्येने पेशींच्या संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली होती. स्तनाच्या कर्करोगावरील त्यांचे काम प्रसिद्धच आहे. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी लेप्रोमॅटस रुग्णाच्या उतीतून एक जीवाणू प्रयोगशाळेत वाढविल्याचे प्रसिद्ध केले. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील माध्यमावर आजही वाढविता आलेला नाही. बापट-रणदिवे-खानोलकर यांचा जीवाणू त्याच्या गोतावळ्यातील निराळा सदस्य निघाला. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'आयसीआरसी जीवाणू' म्हणतात. पुढे डॉ. माधव देव यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेतील संशोधकांनी तो जीवाणू गॅमा किरणांनी मारून त्याची लस तयार केली. लेप्रोमिन नावाच्या त्वचाचाचणीला ज्यांचे शरीर मुळीच दाद देत नव्हते, अशा लेप्रोमॅटस रुग्णांपैकी अनेकांत ही लस दिल्यावर प्रतिसाद दिसू लागला. गाढ झोपलेला पहारेकरी जागा करता येतो, याची ही ग्वाही होती.

या लसीची मोठी परीक्षा तामिळनाडूत चेंगलपट्टू परिसरात झाली. १ लाख ७१ हजार ४०० स्वयंसेवकांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष डॉ. मोहन गुप्ते व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. आयसीआरसी लसीचे संरक्षण ६५.५ टक्के, तर एकट्या बीसीजी लसीचे ३४.१ टक्के आढळले. तथापि देशाच्या कुष्ठरोग निर्मूलनाचा मुख्य आधार ठरला तो १९८० च्या दशकात आलेला बहुविध औषधोपचार, म्हणजेच एमडीटी. कमी जंतूंच्या प्रकारात सहा महिने व अधिक जंतूंच्या प्रकारात बारा महिने घ्यावयाचे हे औषध शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. डिसेंबर २००५ अखेर देशातील रुग्णप्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले. याचा अर्थ रोग संपला, असा मात्र नव्हे. नवे रुग्ण आजही सापडतात आणि त्यांत लहान मुलेही असतात.

धोतर, लुगडे आणि जुनी जखम

खानोलकरांचे आणखी एक काम आपल्या खेड्यापाड्यांशी थेट निगडित आहे. १९४५ मध्ये त्यांनी व बी. सूर्याबाई यांनी भारतीयांच्या चालीरीतींशी संबंधित अशा कर्करोगाच्या प्रकारांचे वर्णन केले. त्यांतील एक 'धोतर कर्करोग' या नावाने ओळखला जातो. धोतर एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने कमरेची त्वचा आधी काळवंडते, मग तिला खवले धरतात, पुढे ती जाड होऊन चिरते आणि कधी कधी त्या व्रणातच कर्करोग उद्भवतो.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडते. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील व बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची होती. परकराची नाडी जेथे कसली जाते, तेथे तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्षापासून व्रण होता. दुसरी साठी उलटलेली होती. ती परकर न घालता लुगडे घट्ट कसून नेसत असे आणि तिचा व्रण दोन वर्षे भरला नव्हता. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कर्करोग आढळला. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत पोचला होता. आपल्या घरातील आजी-मावशींच्या कमरेवर असा पट्टा पुष्कळदा असतो. त्यातील फारच थोड्या स्त्रियांना कर्करोग होतो, हे खरे. पण त्या थोड्यांपैकी आपल्या घरातले कोणी असू नये, यासाठी तो पट्टा एकदा नीट पाहणे एवढेच हवे असते.

जुन्या व्रणात वा भाजल्याच्या व्रणवठ्यावर होणाऱ्या या कर्करोगाला, अशा व्रणांचे वर्णन १८२८ मध्ये करणाऱ्या मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव मिळाले आहे. काश्मिरात पोटाशी कांगडी धरून शेकणाऱ्यांना होणारा त्वचेचा कर्करोगही दीर्घकाळच्या उष्णतेच्या इजेतूनच उद्भवतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाच्या जुन्या व्रणातही हा कर्करोग झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. तेथे एका मौनातून दुसरे मौन जन्म घेते.

हे का घडते? रोज घासली जाणारी जखम भरण्यासाठी त्वचेच्या पेशी सतत विभागत राहतात. जितके विभाजन अधिक, तितकी जनुकांत चुका होण्याची शक्यता अधिक. एरवी अशा चुकलेल्या पेशी पहारेकरी टिपतात व टी-पेशी त्या नष्ट करतात. परंतु दीर्घकाळच्या दाहात हा पहारा थकतो. शिवाय जुन्या घट्ट व्रणवठ्यात लसिकावाहिन्या फारशा उरत नाहीत. मग वर्दी घेऊन जाणाऱ्या पेशींना ग्रंथीपर्यंत जायला वाटच राहत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. वाढणारी गाठ स्वतःही स्वस्थ बसत नाही. ती नियामक टी-पेशींना आपल्याभोवती गोळा करते. ज्या पेशी शरीराला स्वतःशी वैर करू देत नाहीत, त्यांच्याच आडोशाने कर्करोग वाढतो.

ऊन आणि दुतोंडी पहारा

उन्हातील अतिनील किरणांचा परिणामही असाच दुहेरी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मार्गारेट क्रिप्की यांनी अतिनील किरणांनी उंदरांत निर्माण झालेल्या गाठी निरोगी उंदरांत रोपण केल्या. बहुतेक उंदरांनी त्या झिडकारल्या. ज्या उंदरांवर आधी त्याच किरणांचा मारा झाला होता, त्यांच्यात मात्र त्या वाढू लागल्या. म्हणजे हे किरण पेशींच्या जनुकांना इजा करतात आणि त्याच वेळी शरीराला ती इजा सोसायलाही शिकवितात. १९८० मधील एका प्रयोगात असे दिसले, की या किरणांनी त्वचेतील लँगरहान्स पेशींची संख्या घटते आणि अशा त्वचेतून दिलेल्या रसायनाला शरीर विरोध करीत नाही.

तथापि लँगरहान्स पेशी म्हणजे केवळ मित्र, असेही समजू नये. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०१२ मध्ये या पेशी नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर कर्करोगकारक रसायन लावले असता त्यांना गाठी कमी झाल्या. त्या रसायनाचे अधिक घातक रूपांतर करण्यास याच पेशी हातभार लावतात, असे आढळले. निसर्गाची व्यवस्था बहुधा अशीच असते. तिच्यातील एखाद्या घटकाला सर्वस्वी चांगले वा वाईट ठरविता येत नाही.

शेतात दिवसभर राबणाऱ्या आपल्याकडील माणसाला त्वचेतील रंगद्रव्याचे संरक्षण लाभलेले आहे. म्हणूनच गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी आहे. परंतु तळपाय, तळहात आणि नखांखाली होणारा रंगपेशींचा कर्करोग, तसेच जुन्या व्रणातील कर्करोग यांपासून हा रंग वाचवीत नाही. मूत्रपिंड-रोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. कर्करोगाला रोखण्यात पहाऱ्याचा वाटा किती मोठा आहे, हे त्यावरून ध्यानी येते.

लगाम सैल करणारी औषधे

टी-पेशींवर लगाम घालणारी काही प्रथिने असतात. ती रोखली, तर टी-पेशी कर्करोगाशी पुन्हा झुंजू लागतात, हे दाखविणाऱ्या जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रंगपेशींच्या पसरलेल्या कर्करोगासाठी असे पहिले औषध २०११ मध्ये मान्य झाले. लगाम सैल झाला की टी-पेशी केवळ कर्करोगावरच धावतील, असे मात्र नसते. औषध घेणाऱ्या काहींच्या अंगावर पुरळ उठते, काहींना कोड येते. सोसणे आणि झुंजणे ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होय.

या औषधांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. त्या दृष्टीने मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेला एक अभ्यास आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. तेथील डॉक्टरांनी डोके, मान व तोंडाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाला नेहमीच्या उपचारासोबत निवोलुमॅब हे औषध प्रचलित मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी प्रमाणात, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, एवढेच देण्यात आले. एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण औषध न दिलेल्या गटात १६.३ टक्के, तर दिलेल्या गटात ४३.४ टक्के होते. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या संस्थेच्या आवारात खानोलकरांनी शरीराच्या मौनाचा अभ्यास आरंभिला, तेथेच आज ते मौन स्वस्तात कसे मोडता येईल, याचा विचार चालू आहे.

वाचकांस सूचना

विज्ञानाची ही वाटचाल मोठी असली, तरी तिचा लाभ मिळण्यासाठी रुग्ण वेळेत पुढे यावा लागतो. पुढील गोष्टींकडे प्रत्येक कुटुंबाने लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

१. कोणतीही जखम वा व्रण चार आठवड्यांत भरला नाही, तर तो डॉक्टरांना दाखवावा. आपला जिल्हा हळदीचा आहे आणि जखमेला हळद लावणे आपल्या हाडीमांसी खिळले आहे. किरकोळ खरचटल्यास त्याला आमची हरकत नाही. परंतु महिनोन्महिने हळद दाबत बसणे म्हणजे मोलाचा वेळ घालविणे होय.

२. जुन्या व्रणाच्या कडा उचलल्यासारख्या जाड झाल्या, त्यातून रक्त येऊ लागले, दुर्गंधी सुटली किंवा जांघेत वा काखेत न दुखणारी टणक गाठ आली, तर एक दिवसही थांबू नये. अशा व्रणाचा लहान तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, हाच खात्रीचा मार्ग आहे. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, हा गैरसमज आहे.

३. धोतर, लुगडे अथवा परकराची नाडी एकाच जागी घट्ट आवळू नये. गाठीची जागा बदलत राहावी आणि अरुंद नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा. कमरेची त्वचा काळवंडली वा सोलली असेल, तर काही काळ सैल वस्त्र वापरावे.

४. फिकट वा लालसर चट्ट्यावर कापसाचा बोळा वा मोरपीस फिरवून पाहावे. तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी त्वरित करून घ्यावी. वेळेत औषध घेतल्यास हा रोग पूर्ण बरा होतो आणि विकृती टळते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. त्याला घरातून वेगळे ठेवण्याचे काहीही कारण नाही.

५. बधिर पाय असलेल्यांनी व मधुमेही रुग्णांनी अनवाणी चालू नये. रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील, तर घरातील कोणाकडून पाहून घ्यावेत.

६. तळपाय, तळहात वा नखाखाली नवा काळा डाग उमटला, अथवा जुन्या तिळाचा आकार वा रंग बदलू लागला, तर तो दाखवावा.

७. खर्चाच्या भीतीने तपासणी टाळू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर आणल्यास योजनेविषयी योग्य मार्गदर्शन मिळणे सोपे जाते.

समारोप

आपल्या संस्कृतीत सोसणे हा मोठा गुण मानला जातो. विशेषतः घरातील स्त्रिया आणि शेतात राबणारी वडीलधारी माणसे स्वतःचे दुखणे सांगत नाहीत, आणि न दुखणाऱ्याची तर दखलही घेत नाहीत. त्वचेतील पेशींच्या अभ्यासातून आम्हांस उमगलेला बोध असा, की सोसण्यालाही विवेक हवा. जेथे पेशींचा विवेक चुकतो, तेथे माणसाच्या डोळ्यांनी तो सावरावा लागतो. या अहवालाच्या वाचकांनी आपल्या आईच्या कमरेवरचा पट्टा, वडिलांच्या तळपायाची जखम आणि मुलाच्या पाठीवरचा चट्टा या आठवड्यात एकदा उजेडात नीट पाहावा. शंका आल्यास रुग्ण आमच्याकडे वा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणावा. 'दुखत नाही' हे कारण यापुढे कोणी सांगू नये, एवढीच विनंती करून हा लेख आम्ही पूर्ण करतो.